एसएसडी टाकून नऊ महिने: विंडोज टिकलं, टॅलीनं मात्र पळवलं

मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऐन सौद्यांच्या दिवसांत २०१९ चा लॅपटॉप बसायला लागला. सुरू व्हायला चार मिनिटं, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडायला आणखी दोन. शेतकरी पट्टीसाठी (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीसाठी) समोर उभा आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. शेवटी एक टीबीची हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकायची ठरवली.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, डिस्क बदलली की विंडोजचं लायसन्स गेलं बघा. नव्याचे दीड हजार वेगळे." मी नको म्हटलं, तर त्यानं खिशातल्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकून दिलं. दोन दिवसांत उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ची पुसट अक्षरं आली. पट्टीवरची रक्कम नेमकी त्याच्याखाली.

सेटिंग उघडून पाहिलं तर विंडोज १० प्रो! लॅपटॉपबरोबर आलेली आवृत्ती होती होम. गोम इथंच होती. विंडोज ८ पासून कंपनीच्या तयार लॅपटॉपची की (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) सहसा मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच्या, चिपमध्ये असते, डिस्कवर नाही. शिवाय विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मशीनच्या नावे नोंदलेलं असतं. डिस्क बदलल्यानं ते जात नाही, पण होमच्या लायसन्सवर प्रो चालत नाही.

मग रविवारी मीच बसलो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवलं आणि कोरं टाकलं. या वेळी की विचारलीच नाही, होम आपोआप निवडलं गेलं. (विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणून पुढं जायचं आणि आवृत्ती लॅपटॉपबरोबर आली होती तीच निवडायची.) वायफाय जोडल्यावर चहा पिऊन येईपर्यंत अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ झळकत होतं. एक पैसा लागला नाही.

खरा घाम टॅलीनं काढला. टॅलीचं लायसन्स जुन्या डिस्कवर चालू राहिलेलं, ते आधी सरेंडर करायला, म्हणजे तिथून सोडवून घ्यायला, हवं होतं. झक मारत मागचे स्क्रू पुन्हा खोलले, जुनी डिस्क बसवली, इंटरनेट जोडून सरेंडर केलं, परत एसएसडी लावून अ‍ॅक्टिव्हेट केलं. तुम्ही हे डिस्क काढायच्या आधीच करा.

आता लॅपटॉप वीसेक सेकंदांत उभा राहतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आधीच ११ वर गेलो. प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्यानं जमलं. तेव्हाही लायसन्स मुकाट्यानं सोबत आलं. मदरबोर्ड गेला तर मात्र कंपनीनं दिलेलं हे लायसन्सही त्याच्याबरोबर जाईल, म्हणून चार्जर आता स्टॅबिलायझरवर लावलाय.

जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय. लावली की कटकट आवाज करते, म्हणून तीन वर्षांच्या पट्ट्या पेनड्राइव्हवरही काढून ठेवल्यात.