डॉक्टरांनी शिक्षणशास्त्राची पदवी घ्यावी का? नागपुरात बसून केलेली कोर्सेसची पारख

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी कॉलेजांतल्या एखाद्या असिस्टंट प्रोफेसरला विचारा, शिकवायला कुठं शिकलात? उत्तर बहुधा एकच येईल: वॉर्डात, आपल्या सरांकडे बघून. एमडी-एमएसच्या तीन वर्षांत रुग्ण कसा तपासायचा ते घोटून घेतात. तो विद्यार्थ्याकडून कसा तपासून घ्यायचा आणि त्याचे मार्क कसे द्यायचे, हे मात्र ज्यानं त्यानं बघून घ्यायचं. २०१९ पासून एमबीबीएसला कॉम्पिटन्सी-बेस्ड (प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा) अभ्यासक्रम आला, लॉगबुकं आली, ऑस्की (एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षा) वाढल्या, आणि ही उणीव झाकणं अवघड झालं. तेव्हापासून वैद्यकीय शिक्षणातल्या कोर्सेसना गर्दी आहे. त्यातला कोणता कोर्स नागपुरात नोकरी करणाऱ्या शिक्षकाच्या वेळेचं आणि पैशाचं सोनं करतो, ते इथं बघू.

बेसिक कोर्स

एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन तीन दिवसांचा. आपल्याच कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये होतो. आयोगाच्या शिक्षक-पात्रता नियमांनुसार असोसिएट प्रोफेसर व्हायला हा कोर्स आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा कोर्स, दोन्ही लागतात. त्यामुळे करावा की नाही हा प्रश्नच नाही. तीन दिवसांत उद्दिष्टं लिहिणं, मायक्रोटीचिंग, मूल्यमापन, एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणं) असं सगळं उरकतं. मायक्रोटीचिंगमध्ये पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो आणि सहकारी "छान झालं सर" म्हणून मोकळे होतात. फायदा हवा असेल तर वेगळ्या विभागातल्या, तुमच्याहून ज्युनिअर माणसाला लेखी अभिप्राय मागा. बाकी सर्टिफिकेट जपून ठेवा, प्रमोशनच्या फायलीत तेच लागतं.

अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स आणि फायमर

खरी पारख इथून पुढे. एनएमसीच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सला बेसिक झालेला लागतो. दोन प्रत्यक्ष सत्रं असतात आणि मधल्या महिन्यांत ऑनलाइन चर्चा व एक शैक्षणिक संशोधन प्रकल्प. नागपूरकरांची यात चांदी आहे. नोडल सेंटर, म्हणजे हा कोर्स घेणारं केंद्र, सावंगीच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात आहे, म्हणजे वर्ध्याला लागूनच. रात्री घरी येता येतं, पण येऊ नये. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रकल्पाची जी चिरफाड होते, ती दिवसभराच्या स्लाइड्सपेक्षा मोलाची असते.

फायमर ही पदवी नाही, वैद्यकीय शिक्षणातली दोन वर्षांची पार्ट-टाइम फेलोशिप आहे. मूळ संस्था अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. भारतातली केंद्रं मुंबईला केईएममधल्या सेठ जीएस मेडिकल कॉलेजात, लुधियानाच्या सीएमसीत आणि कोइम्बतूरच्या पीएसजीत सुरू झाली. नागपूरहून सोयीचं मुंबई, विदर्भ एक्स्प्रेसची एक रात्र. प्रकल्पाला मार्गदर्शक मिळतो आणि देशभरातले सहाध्यायी ईमेलवर वर्षभर पिच्छा पुरवतात. हा पिच्छाच फायमरचा खरा माल. ज्यांना कुणी विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही (आपल्यापैकी बहुतेक), त्यांनी अ‍ॅडव्हान्स्डपेक्षा फायमर घ्यावं.

मास्टर्स, म्हणजे एमएचपीई (मास्टर ऑफ हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन)

नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्टचं एमएचपीई दोन वर्षांचं, ६० युरोपीय क्रेडिटचं. तिथं एक क्रेडिट म्हणजे २८ तास, म्हणजे एकूण १,६८० तास. आठवड्याला १६, रोजचे सव्वादोन तास, रविवार धरून. ब्रिटिश पद्धतीच्या मास्टर्सला (स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाचं उदाहरण घ्या) १८० क्रेडिट, दर क्रेडिटला १० तास. त्यात एक सोय आहे. ६० क्रेडिटवर सर्टिफिकेट, १२० वर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. घरी लहान मूल आणि आठवड्यात दोन इमर्जन्सी असलेल्या माणसाला आम्ही डोळे मिटून ब्रिटिश पद्धतच सुचवू.

घड्याळही बघा. मास्ट्रिक्टचा संध्याकाळी पाचचा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला. जमतं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाचं या विषयातलं नाव फार जुनं. माहितीपासून प्रत्यक्ष कामापर्यंत मूल्यमापनाच्या पायऱ्या मांडणाऱ्या मिलर पिरॅमिडचे जॉर्ज मिलर तिथलेच. पण तिथला संध्याकाळी पाचचा थेट वर्ग म्हणजे आपली पहाटेची साडेतीन किंवा साडेचार. दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसायचं आहे, हे विसरू नका.

इग्नूचं एमए एज्युकेशन स्वस्त पडतं आणि प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. पण तो अभ्यासक्रम सर्वसाधारण शिक्षणशास्त्राचा, वॉर्डातला नाही. ज्याला क्लिनिकल शिकवणं सुधारायचं आहे त्याला त्यातून फारसं हाती लागत नाही.

एक गैरसमज काढून टाकू. एमएचपीई नावापुढे लागली म्हणून एनएमसीच्या हिशेबात प्रमोशन पुढे सरकत नाही, आणि बेसिक कोर्सही सुटत नाही. सरकारी नोकरीत असाल तर अधिष्ठात्यांमार्फत ना-हरकत आधी घ्या आणि पदवीची नोंद सेवापुस्तकात कशी होईल हे आस्थापना शाखेकडून लेखी मागा. तोंडी "होऊन जाईल" वर फी भरू नये.

मग पैसे कशाचे?

परीक्षेतला एक प्रश्न घेऊन बघा, कोर्सनं काय शिकवायला हवं ते त्यात दिसेल. २५० विद्यार्थ्यांचा पेपर, सिकल सेलवर एमसीक्यू: "पुढीलपैकी काय खरं आहे?" आणि चौथा पर्याय "वरील सर्व". एकूण गुणांवरून वरचे २७ टक्के म्हणजे ६७ विद्यार्थी काढा, खालचे ६७ काढा. समजा वरच्यांत ५० जणांचं उत्तर बरोबर, खालच्यांत ४६ जणांचं. काठिण्य निर्देशांक (किती जणांना उत्तर आलं) ९६ भागिले १३४, साधारण ७२ टक्के. दिसायला ठीक. पण भेददर्शक निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्चा किती वेगळे काढतो ते, (५० वजा ४६) भागिले ६७, जेमतेम ०.०६. ०.२ च्या खालचा प्रश्न दुरुस्त करायचा किंवा टाकायचा. हुशार आणि कच्चा दोघांनीही "वरील सर्व" वर गोल केला, एकानं येतं म्हणून, दुसऱ्यानं सवयीनं.

दुरुस्ती अशी होते: गडचिरोलीहून आलेलं १० महिन्यांचं बाळ, दोन्ही हातापायांवर दुखरी सूज, ताप नाही, फिकट दिसतं. निदान पक्कं करणारी तपासणी कोणती? पर्याय: एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी, हेच बरोबर उत्तर), सॉल्युबिलिटी टेस्ट, पेरिफेरल स्मिअर, ब्लड कल्चर. सॉल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही, त्यामुळे अर्धवट वाचलेला तिथंच अडकतो. ब्लड कल्चर हाडाचा जंतुसंसर्ग डोक्यात असलेल्यासाठी. पेपर झाल्यावर ज्या पर्यायाकडे ५ टक्क्यांहून कमी जण वळले तो बदलायचा. असे ३०-४० प्रश्न कुणी जाणत्यानं लाल पेनानं तपासून द्यावेत, यासाठी फी भरायची. हे जिथं होत नाही, तो कोर्स कितीही नावाजलेला असो, महाग पडला.

कुठं गाडी अडते

नव्वद टक्के रडगाणं प्रकल्पाचं. पहिला अडसर एथिक्स कमिटी. "विद्यार्थ्यांवर तर करायचंय, परवानगी कशाला?" ही समजूत चुकीची. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांना असुरक्षित गटात धरतात, कारण शिक्षकाला नाही म्हणणं त्यांना अवघड. म्हणून संमतीपत्र परीक्षक असलेल्या शिक्षकानं घेऊ नये आणि सहभागाचा इंटर्नल मार्कांशी संबंध नाही हे त्यावर छापलेलं असावं. एवढं नसेल तर अर्ज परत येतो आणि कमिटीची पुढची बैठक गाठेपर्यंत पोस्टिंगची बॅच बदललेली असते. पहिल्या प्रत्यक्ष सत्राला जातानाच प्रस्तावाचा मसुदा खिशात ठेवा.

दुसरा अडसर अभ्यासाची मांडणी. अर्ध्या वर्गाला नवी पद्धत, अर्ध्याला जुनी, हे पालकांनाही खपत नाही. अदलाबदल करा: पहिल्या विषयाला अ बॅच नव्या पद्धतीनं, दुसऱ्याला ब बॅच.

तिसरा, मोजमाप. "८५ टक्के विद्यार्थ्यांना आवडलं" इतकंच घेऊन आलात तर परीक्षक हसतात. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांतली ती सगळ्यात खालची. निदान आधी-नंतरची चाचणी, जमल्यास ऑस्कीचं एक स्टेशन ठेवा. त्या स्टेशनवर दोन परीक्षकांनी एकमेकांचे मार्क न बघता गुण द्यावेत. गुणांत फार तफावत आली तर आधी चेकलिस्ट तपासा. "रुग्णाशी नीट बोलला" अशी ओळ असेल तर तफावत येणारच. "नाव सांगितलं, परवानगी घेतली, पडदा ओढला" अशा तीन ओळी करा.

आमचा कौल

तीन-चार वर्षं शिकवून झालेल्या नागपूरच्या शिक्षकानं बेसिकनंतर सावंगीचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स किंवा फायमर करावं. प्रकल्प छापून आला आणि तरीही खाज उरली, तरच मास्टर्स. एज्युकेशन युनिट सांभाळायचं असेल, अभ्यासक्रम समितीत बसायचं असेल, तर मास्टर्स वसूल होते. क्लिनिक चालवून उरलेल्या वेळात करायची म्हटली तर दुसऱ्या वर्षी प्रबंधावर धूळ बसते.

कुठलीही फी भरण्याआधी समन्वयकाकडे दोन गोष्टी मागा. मागच्या बॅचमधले किती जण वेळेत पूर्ण झाले, आणि जो गाईड मिळणार त्याच्याकडे आत्ता किती विद्यार्थी आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दहाच्या वर असेल तर दुसरा गाईड मागा, नाहीतर पुढच्या बॅचला या.