तलाव पक्ष्यांसाठी राखायचा, तर कागद कोणता करावा?

जानेवारीच्या सकाळी पूर्व विदर्भातल्या एखाद्या मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावाच्या) पाळीवर उभं राहिलं की आधी नुसते काळे ठिपके दिसतात. धुकं विरलं की कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावरून वारकरी नावाचे पाणपक्षी ओळखू येतात. उथळ काठाशी शेपट्या आभाळाकडे करून, डोकं पाण्यात खुपसून तलवार बदकं चरत असतात. खोल पाण्यात मोठी लालसरी हे बदक बुडी मारते आणि दहा हात पुढे वर येते. उन्हाळी धानासाठी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी भराभर मागे सरतं. तलवार बदकाचं त्यात फारसं बिघडत नाही, उथळ काठ त्याला मानवतो. लालसरीला मात्र बुडी मारण्याइतकं पाणी उरत नाही आणि ती परतीच्या प्रवासाआधीच तलाव सोडते. शिकार झालेली नसते, कायदाही मोडलेला नसतो.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की गावात 'आपला तलाव पक्ष्यांसाठी जाहीर करून घेऊ' अशी बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न 'अभयारण्य करायचं की रामसर?' हाच येतो. (रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची, रामसर करारातली यादी.) मी असं म्हणेन, की त्याआधी तीन गोष्टी विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे? तुडूम कुणाच्या हुकमाने उघडतं? मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे? ज्या व्यवस्थेत या तिघांना एकत्र बसावं लागतं, ती तुमच्या कामाची. तिघांपैकी एक जरी बाहेर राहिला, तरी फलक लागेल पण पक्षी राहतीलच असं नाही.

अभयारण्यापासून सुरुवात करू. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा दगडी बंधारा इंग्रजांच्या काळात बांधला गेला, तोही कालव्यांसाठी. गाळ साचून तिथे पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. २०१९ साली ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं, पण रामसरच्या यादीतलं क्षेत्र १४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. अभयारण्याच्या रेषेत पाणथळीबरोबर आजूबाजूची शेतंही आली आहेत. शिकार, अतिक्रमण आणि कारखाने रोखायला अभयारण्याइतकं बळ दुसऱ्या कशात नाही, कारण वनविभागाकडे माणसं असतात आणि गुन्हा दाखल करण्याचे अधिकार असतात. पाण्याच्या पातळीचं गणित मात्र अभयारण्य झाल्यावरही पाटबंधाऱ्याच्या आवर्तनांशीच बांधलेलं राहतं. शिवाय अभयारण्यात लोकांच्या हक्कांची चौकशी आणि निपटारा जिल्हाधिकारी करतात. तिथे ग्रामसभेला मत मांडता येतं, निर्णय घेता येत नाही.

माणसांना बाहेर काढून पक्षी आपोआप वाढतात, या समजुतीला राजस्थानातल्या भरतपूरने फार महाग उत्तर दिलं आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथली गुरांची चराई बंद केली. त्यावरून संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. त्यानंतर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं आणि बदकांना लागणारं मोकळं पाणी घटत गेलं. म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. म्हशीवाल्याला चर्चेत जागा असती, तर त्याने हे पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं असं मला मनापासून वाटतं.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि राखीव क्षेत्राचे दोन नवे प्रकार आले. नावं सारखी वाटतात, पण फरक मोठा आहे.

सामुदायिक राखीव क्षेत्र गावाच्या किंवा खासगी जमिनीवर होतं, तेही मालकाने स्वतःहून पुढे आल्यावर. जमीन गावाची असेल, तर व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच जण असतात आणि वनविभागाचा एक. समिती आपला अध्यक्ष स्वतः निवडते आणि तोच त्या क्षेत्राचा मानद वन्यजीव रक्षक होतो. गावाच्या माणसाला कायद्याने दिलेला इतका मान दुसऱ्या कोणत्याही प्रकारात नाही. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातला केशोपूर छंब हा देशातल्या सुरुवातीच्या सामुदायिक राखीव क्षेत्रांपैकी एक. पाच गावांच्या पंचायतींची सुमारे ८५० एकर दलदल, आत मासळीची तळी, कमळाची शेती आणि हिवाळ्यात येणारे क्रौंच. पुढे २०१९ साली तो रामसर स्थळही झाला. यातली बेडी मात्र सही करण्याआधी नीट वाचा. अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा, तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी दोन्ही लागतात. पुढच्या पिढीतल्या कुणाला तिथे दुसरं काही करायचं असेल, तर ते सोपं नाही.

आपल्या पूर्व विदर्भाची अडचण इथेच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो तलाव कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांनी, बांधले, पण मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले. म्हणूनच त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. सातबारावर सरकारचं नाव असेल, तर सामुदायिक राखीवचा रस्ता बंद.

अशा वेळी दुसरा प्रकार कामाला येतो, संवर्धन राखीव क्षेत्र. ते सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून जाहीर होतं. त्याच्या समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धन विभागांचा एकेक प्रतिनिधी असतो आणि वनविभागाचा माणूस सदस्य सचिव असतो. कागदावर ही यादी मला आवडते. पण या यादीत पाटबंधारे विभागही नाही आणि मच्छीमार संस्थाही नाही. समितीचं कामही मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्ला देण्याचं. तरीही प्रस्ताव देताना पाटबंधारे आणि मच्छीमार या दोघांना कायम निमंत्रित ठेवण्याची अट गावाने मागावी. आधी मागितलेली गोष्ट मिळण्याची आशा तरी असते.

केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांवर भिस्त ठेवणारे बरेच भेटतात. नियम चांगले आहेत. भराव, कचरा, सांडपाणी, काठापासून ५० मीटरच्या आतलं पक्कं बांधकाम, सगळ्याला मनाई. पण खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी त्यातून वगळली आहेत, त्यामुळे मामा तलावाला हे छत्र मिळेलच असं धरून चालू नका.

जैवविविधता वारसा स्थळ हा त्या मानाने सौम्य मार्ग. राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ते जाहीर करतं. गावकऱ्यांच्या चालत आलेल्या वापरावर त्यांनी स्वतः मान्य केलेल्या बंधनांपलीकडे बंधनं घालू नयेत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. महाराष्ट्रात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जागा एका छोट्या माशासाठी २०२१ साली असं स्थळ झाली. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती नावापुरती नसून खरोखर बसत असेल, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची लोकांनी केलेली नोंद, भरलेली असेल, तर निम्मं काम झालेलंच आहे. दांडगाई करणाऱ्याला आवरायला मात्र हा मार्ग अपुरा पडतो.

आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही? ओडिशात चिलिकाच्या उत्तर काठावर मंगलाजोडी गाव आहे. तिथले लोक बदकं मारून विकत. २००० साली त्यांच्यातल्याच काही शिकाऱ्यांनी पक्षी सुरक्षा समिती काढली, मग तेच लोक नावेतून पर्यटकांना पक्षी दाखवू लागले. इथे मुख्य कागद म्हणजे गावाने एकमेकांना दिलेला शब्द. आपल्याकडे उजनीच्या काठी भिगवण, कुंभारगावात मच्छीमारच नावाडी आणि वाटाडे झाले आहेत. पण पर्यटक थांबले की कमाई थांबते, हे २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी सोसलं. आणि बाहेरून मोठा प्रकल्प आला, तर नुसत्या ठरावाने तो अडवणं अवघड.

जंगलालगतच्या गावांसाठी आणखी एक दार आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेले असतील आणि तलाव त्या हद्दीत असेल, तर मासळीसह पाण्यातल्या उपजावरचा हक्क मिळतो आणि वन्यजीव व जलस्रोत राखण्याचे अधिकारही थेट ग्रामसभेला मिळतात. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या गावांत लघु जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीच्या हाती द्यावं असं कायदाच म्हणतो. हे हक्क असलेल्या गावाने आधी ते वापरावेत, राखीव क्षेत्राचा विचार नंतर करावा.

सगळ्यांना एकत्र बसवण्याचं एक उदाहरण परदेशात आहे. अमेरिका आणि कॅनडाने १९८६ साली बदकांसाठी संयुक्त आराखडा केला, १९९४ साली मेक्सिकोही त्यात आला. काम प्रादेशिक भागीदारी मंडळांतून चालतं आणि त्यात सरकारी खाती, शिकाऱ्यांच्या संघटना, जमीनमालक एकत्र बसतात. अमेरिकेच्या १९८९ च्या कायद्यानुसार सरकारी अनुदान हवं असेल, तर भागीदारांनी निदान तितकाच पैसा बाहेरून आणायचा. आपल्याकडे इतका पैसा नाही, पण जो काही आणतो त्याला मत मिळतं, हे तत्त्व उचलता येतं. ढिवर समाजाची मच्छीमार संस्था श्रम आणते, बेशरम या उपद्रवी वनस्पतीची झुडपं उपटते, देवधान (तलावातलं रानटी धान) टिकवते. शेतकरी पाण्याचा वाटा सोडतो. पक्षिमित्र नोंदी आणतात. प्रत्येकाने काय आणलं ते ठरावात लिहा.

माझा सल्ला असा. तलाव सरकारी आणि सिंचनाचा असेल, तर ग्रामसभेच्या ठरावाने सुरुवात करा आणि त्यात दोनच गोष्टी पक्क्या करा. फेब्रुवारीअखेर तलावात किती पाणी राखायचं ते पाळीवर दगड रोवून दाखवा, आणि हिवाळ्यात जाळी कुठल्या काठाला टाकायची नाहीत ते मच्छीमारांनीच सांगावं. दोन हिवाळे हे टिकलं, तर संवर्धन राखीवचा प्रस्ताव द्या. जमीन पंचायतीची असेल, तर सामुदायिक राखीव. अभयारण्य तेव्हाच मागा, जेव्हा दबाव गावाच्या ताकदीबाहेरचा असेल आणि गावाने त्याची किंमत समजून घेतली असेल. रामसर सगळ्यात शेवटी. नियमितपणे २० हजारांवर पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या समूहातले एक टक्का पक्षी, असे त्याचे काही निकष आहेत, आणि ते सिद्ध करायला नोंदी लागतात. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत या वर्षीपासूनच भाग घ्या.

त्याआधी एक दिवस तालुक्याला जाऊन सातबारा काढा आणि मासेमारीचा ठेका कधी संपतो ती तारीख विचारून या. नव्या ठेक्याच्या अटी लिहिल्या जातात त्या महिन्यात गाव तिथे हजर हवं.