जुन्या कीबोर्डच्या स्प्रिंगा: जुना बाजार, भोसरी की परदेशातून?

पुण्यात जुना मेकॅनिकल कीबोर्ड मिळणं फारसं अवघड नाही. छापखाने, डीटीपीची दुकानं, वकिलांची ऑफिसं यांतून निघालेले टीव्हीएस गोल्ड अजून हाताला लागतात, आणि नशीब असेल तर एखाद्या कंपनीच्या भंगारातून आयबीएमचा मॉडेल एमही निघतो. अडचण पुढे येते. एखाद्या बटणाची स्प्रिंग गंजून तुटलेली असते, एखाद्याची आधी कुणीतरी उघडताना उडालेली असते. मग आणायची कुठून? मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून दुसरा मोडका कीबोर्ड उचलायचा, ऑनलाइन तयार पाकीट मागवायचं, भोसरीच्या एखाद्या कारखान्यात वळवून घ्यायची, की थेट अमेरिकेतून मागवायची?

माझं मत आधीच सांगतो. किंमत आणि अंतर या गोष्टी नंतर बघा. तुमच्या कीबोर्डात स्प्रिंगला काम काय आहे, ते आधी बघा.

चेरी एमएक्स आणि आल्प्स या बटणाखालच्या स्विचच्या दोन्ही घराण्यांत स्प्रिंग फक्त बटण परत वर ढकलते. विजेची जोडणी करतात त्या धातूच्या पात्या. ‘टिक’ असा आवाज येतो तो दुसऱ्याच भागातून. म्हणजे इथे स्प्रिंग ही मोजून बदलण्याची वस्तू आहे: बाहेरचा व्यास, तारेची जाडी, वेढे आणि मोकळी लांबी. आयबीएमच्या मॉडेल एफ आणि मॉडेल एम या कीबोर्डांत तसं नाही. तिथे बटण दाबलं की उभी स्प्रिंग एका क्षणी मधूनच बाजूला वाकते आणि नळीच्या भिंतीवर आपटते. तोच तिचा आवाज. त्याच झटक्यात ती खालचा प्लास्टिकचा हातोडा उलटवते आणि अक्षर उमटतं. बटण कधी लागणार, केवढा आवाज होणार, बोटाला काय जाणवणार, हे सगळं ती एक स्प्रिंग ठरवते. टोप्रे या जपानी कंपनीच्या कीबोर्डात आणखी वेगळं: जोर रबराच्या घुमटाचा असतो आणि खालची शंकूसारखी स्प्रिंग मुख्यतः संकेतासाठी असते. ती बदलायची वेळ क्वचितच येते.

खर्च करण्याआधी एक खात्री करून घ्या. बटण मेलं म्हणजे स्प्रिंग गेली असं नाही. एमएक्समध्ये बहुतेक वेळा दोष पात्यांवरच्या मळाचा किंवा सुटलेल्या सोल्डरचा असतो. आल्प्सला धूळ अजिबात सोसत नाही; बटण अडकतंय, जड लागतंय, तर आधी आत धूळ आहे का ते बघा. मॉडेल एममध्ये आवाज मेला असेल, तर स्प्रिंग कदाचित नुसती तिरकी बसलेली असेल. कॅप (बटणाचं वरचं टोपण) काढा, कीबोर्ड स्पेसबार वर येईल असा उभा धरा आणि कॅप पुन्हा बसवा. कित्येकदा एवढ्यावर काम होतं.

जुना बाजार आणि मोडके कीबोर्ड

एक-दोन स्प्रिंगाच हव्या असतील तर हाच मार्ग चांगला. त्याहूनही जवळचा उपाय तुमच्याच कीबोर्डात आहे: स्क्रोल लॉक किंवा पॉझच्या बटणाची स्प्रिंग काढून ‘ई’ किंवा एंटरला लावा. त्याच कारखान्याची, त्याच वयाची, त्याच मापाची. फक्त स्पेसबारच्या स्प्रिंगेला हात लावू नका. काही मॉडेलांत ती बाकीच्यांपेक्षा कडक असते.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मिळेल त्याची खात्री नसते, म्हणून नेमका हवा तोच कीबोर्ड शोधत फिरण्यात अर्थ नाही. मात्र एखादं बटण उपसून बघितलं आणि खाली अधिकाच्या चिन्हासारखा दांडा दिसला, तर तो एमएक्स किंवा त्याच्या जातीचा आहे हे लगेच कळतं. एकच आडवी चिरेसारखी खाच दिसली तर आल्प्सची शक्यता धरा. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला माल घेऊ नका. गंज वरून पुसला तरी तारेत खड्डे राहतात, आणि इतक्या बारीक तारेत तेवढंही पुरतं.

गंजलेल्या स्प्रिंगा व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो पाळत नाही आणि तुम्हीही पाळू नका. कडक पोलादाच्या तारेत आम्लामुळे हायड्रोजन शिरतो, तार ठिसूळ होते आणि दिसायला चकचकीत स्प्रिंग नंतर तुटते.

तयार पाकीट

एमएक्सचा अख्खा संच बदलायचा असेल, तर वादच नाही. शंभर-एकशेदहा स्प्रिंगांची पाकिटं भारतातल्या कीबोर्डच्या ऑनलाइन दुकानांतही मिळतात. सोन्याच्या मुलाम्याची असो किंवा स्टेनलेसची, दमट हवेत दोन्ही साध्या तारेपेक्षा जास्त टिकतात.

घोटाळा होतो तो वजनाच्या आकड्यात. काही विक्रेते अक्षर उमटतं त्या क्षणाचा जोर सांगतात, काही बटण तळाला टेकल्यावरचा. चेरीचा काळा स्विच ६० सेंटिन्यूटनचा, म्हणजे जवळपास ६० ग्रॅमचा, म्हणतात तो अक्षर उमटतानाचा आकडा आहे. तळापर्यंत दाबायला त्याहून बराच जास्त जोर लागतो. पाकिटावरचे ‘६० ग्रॅम’ तळाचे असतील, तर ती स्प्रिंग काळ्याच्या जागी मऊ लागेल. विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

घरी पडताळायचं तर २०११ च्या मालिकेतलं ५ रुपयांचं नाणं बरोबर ६ ग्रॅमचं आहे. बटणावर एकेक नाणं चढवत जा आणि कितव्या नाण्याला अक्षर उमटतं ते बघा. नंतरच्या मालिकेतलं नाणं जास्त जड आहे, त्यामुळे दोन्ही मिसळू नका.

आल्प्सच्या स्विचसाठी एमएक्सचं पाकीट घेऊ नका. मापं जुळत नाहीत. आल्प्ससाठी वेगळ्या स्प्रिंगा बनवणारे आहेत, पण थोडे. आल्प्सचा एक मोठा फायदा मात्र आहे: त्याचं झाकण कीबोर्ड न उसवता वरूनच उघडतं. एमएक्सचे स्विच ज्या पत्र्यात बसवलेले असतात त्याला त्यासाठी खाचा नसतील, तर प्रत्येक स्विचचं सोल्डर काढावं लागतं. शंभरावर स्विच म्हणजे दोनशेच्या वर टाके. पाकीट स्वस्त असलं तरी ही मेहनत आधी मोजा.

भोसरीत वळवून घेणं

पुण्यात राहणाऱ्याला हा मोह होणारच. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत स्प्रिंगा बनवणाऱ्यांची कमतरता नाही. पण बरेचजण गाड्यांच्या आणि मशिनरीच्या जाड तारेचं काम करतात. कीबोर्डला लागते तशी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी तार सगळ्यांच्या मशिनवर चालत नाही. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा: सर्वात बारीक तार किती वळवता?

दुसरी गोष्ट अचूकतेची. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. ०.२० मिमीऐवजी ०.२१ मिमीची तार लागली, तर जाडीतला ५ टक्क्यांचा फरक कडकपणात जवळपास २२ टक्के होतो. ६० ग्रॅमचं बटण ७० च्या वर जातं. धातूही तोच हवा: म्युझिक वायरच्या (स्प्रिंगांसाठीच्या कडक पोलादी तारेच्या) जागी स्टेनलेस वापरलं, तर त्याच मापाची स्प्रिंग दहा-पंधरा टक्के मऊ होते. म्हणून नुसता नमुना हातात ठेवून ‘अशीच द्या’ म्हणू नका. मायक्रोमीटरनं घेतलेली मापं, तारेचा प्रकार आणि ठरावीक उंचीला दाबल्यावर किती ग्रॅम, हे कागदावर लिहून द्या. वळवल्यावर भट्टीत तापवून ताण काढणार का, हेही विचारा. ते केलं नाही, तर स्प्रिंगा वापरात हळूहळू आखूड होतात.

आणि तिसरी गोष्ट, मशिन लावायचा खर्च. तो शंभर नगांना आणि पाच हजार नगांना जवळपास सारखाच पडतो. एकट्यासाठी एमएक्सच्या स्प्रिंगा इथे वळवणं म्हणजे पैसे वाया. पण हनीवेलचे हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारे) स्विच किंवा फुताबाचे जुने स्विच, यांसारख्या घराण्यांच्या स्प्रिंगा तयार मिळणं कठीण असतं. तिथे दोन-चार मालकांनी मिळून ऑर्डर दिली, तर भोसरीसारखी सोय भारतात फार थोड्या ठिकाणी मिळेल. आधी नमुन्यादाखल मूठभर वळवून, कीबोर्डात बसवून बघण्याची अट घाला.

पेनची स्प्रिंग कापून लावण्याचा जुगाड करू नका. तिची तार जाड असते, आणि कापल्यावर वेढे कमी होऊन ती आणखी कडक होते.

मॉडेल एम आणि एफ: इथे मापं पुरत नाहीत

या दोघांसाठी भोसरी नको, पाकीट नको. स्प्रिंग कुठे आणि केव्हा वाकणार, हे तिची लांबी, व्यास, वेढ्यांमधलं अंतर आणि टोक हातोड्यावर कसं बसतं, या सगळ्यांवर मिळून ठरतं. जोर तंतोतंत जुळला तरी वाकण्याचा क्षण चुकला, की टिक आधी आणि अक्षर नंतर, किंवा उलटं. असा कीबोर्ड वापरणं त्रासाचंच.

मॉडेल एमचा वारसा अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये १९९६ पासून युनिकॉम्प ही कंपनी चालवते. साचे आणि यंत्रसामग्री त्यांनी आयबीएममधून निघालेल्या लेक्समार्ककडून घेतली, आणि मॉडेल एमचे सुटे भागही ते विकतात. मॉडेल एफसाठी मॉडेल एफ लॅब्स ही कंपनी आहे. टपालखर्च आणि कस्टम धरून पार्सल स्प्रिंगांच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतं, म्हणून ओळखीतल्या आणखी कुणाला हव्या असतील तर एकत्र मागवा. त्याच पार्सलमध्ये मॉडेल एमचे थोडे हातोडेही घ्या. तिथपर्यंत पोचायला पत्र्यामागचे वितळवून बसवलेले प्लास्टिकचे रिव्हेट कापावे लागतात आणि त्यांच्या जागी बारीक नट-बोल्ट येतात. एवढं सगळं एकदा उघडल्यावर तडा गेलेला हातोडा आत दिसला आणि सुटा हाताशी नसला, तर पुढचं पार्सल येईपर्यंत कीबोर्ड टेबलावर तसाच उघडा पडून राहील.