पर्शियन का गावरान? मराठवाड्यात मांजर आणण्याआधी

पर्शियन घ्यायची का गावरान हे ठरवताना फोटो बघत बसू नका, आधी आपल्या घरातली मे महिन्यातली दुपार डोळ्यापुढं आणा. परभणी-नांदेडला पारा 42-43 ला जातो, त्यात लाईट जाते, वर पत्रे असतील तर बोलायलाच नको, आणि अशात अंगावर दुहेरी केस घेऊन बसलेल्या जनावराचं काय होत असेल. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना जरासा येतो, बाकी ते अंग चाटून चाटून स्वतःला गार ठेवतं. गावरान मांजराचे केस आखूड, अंग सडपातळ, ते दुपारी रांजणाजवळ नाहीतर मोरीच्या फरशीवर जाऊन आडवं पडतं आणि ऊन उतरलं की उठून खायला मागतं. पर्शियनचे वरचे केस लांब, खाली अजून एक मऊ दाट थर, आणि नाक आत दबलेलं, म्हणजे श्वासच धड जात नाही तिथं अंग गार कसं होणार. एक लक्षात ठेवा, मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर वाट बघायची नाही, ओलं फडकं, पंखा आणि थेट डॉक्टर.

विकणारे पर्शियनमध्ये डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असे प्रकार सांगतात. चेहरा जेवढा चपटा तेवढा भाव चढा, आणि माझं स्पष्ट मत, तेवढा त्रासही जास्त, म्हणजे जादा पैसे मोजून दुखणं विकत आणायचं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची जी बारीक नळी असते ती चपट्या चेहऱ्यात वाकडी होते, मग पाणी गालावर ओघळतं आणि तांबडे डाग पडतात. घ्यायचीच असेल तर डॉल फेस घ्या, आणि दिवाळीनंतर आणा, थंडीत रुळायला वेळ मिळतो.

माझ्या बहिणीकडं नांदेडला आहे एक, डॉल फेसच, तरी तिचा रोजचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. आधी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून डोळ्याचे कोपरे पुसायचे, मग स्टीलचा कंगवा घेऊन मांडी घालून बसायचं. पाठ सोपी, ती तर स्वतःच पुढं करते. खरा घोळ बगलेत, कानामागं आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, तिथं गुंता होतो, त्याच दिवशी धरला तर बोटांनी सुटतो पण चार दिवस राहिला की नमद्यासारखा घट्ट होतो, खालची कातडी ओढली जाते आणि मग मांजर हातच लावू देत नाही. तिथं कात्री घालू नका, मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर तीपण कापली जाते, केस कापायची मशीनच लागते. अंघोळीचं पण बघा, गावरान मांजर स्वतःचं स्वतः चाटूनपुसून घेतं, त्याला पाणी लागत नाही म्हटलं तरी चालेल, पर्शियनला मात्र अधूनमधून लागते अंघोळ, आणि 2016 ला ज्यांनी मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरला भरलंय त्यांना मी मांजराला अंघोळ घाला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू.

पर्शियनचा दुसरा मुद्दा पीकेडीचा. किडनीत पाण्याच्या गाठी होतात, आनुवंशिक आहे, आई-बापातल्या एकाला असला तरी पिल्लात यायची शक्यता निम्मी. पिल्लू असताना काहीच कळत नाही, पुढं चांगलं वयात आलं की किडनी थकायला लागते. ह्याची जीन टेस्ट असते, विकणाऱ्याला आई-बापाचा रिपोर्ट मागा. तो हसला तर समजून जा काय ते.

आता गावरान. फुकट मिळतं, पण फुकट पडत नाही. लसी दोघींनाही सारख्याच लागतात, साधारण 8 आठवड्यांपासून तिहेरी लस आणि तिचे बूस्टर, 12 आठवड्यांनंतर रेबीजची, जंताचं औषध वेगळं. लोक म्हणतात गावरानला काय होतंय, पण पॅनल्यूकोपेनिया नावाचा व्हायरस आला की उलट्या-जुलाबानं अख्खी वेत जाते, आणि तो जात बघत नाही. शिवाय गावरानचा पाय घरात टिकत नाही, ह्याच्या माळवदावरून त्याच्या गच्चीवर, मग बोक्यांची भांडणं, फुटलेले कान, शेजारच्या दुधात तोंड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी ठेवलेलं उंदराचं औषध खाल्लेला उंदीर. शेतातल्या घरी सोयाबीन-ज्वारीची पोती असतील तर मात्र गावरानला तोड नाही. पर्शियनकडून उंदराची अपेक्षा करू नका, काही धरतात, बहुतेक नुसत्या बघतात.

स्वभावाचं म्हणाल तर पर्शियन शांत, जिथं ठेवली तिथं बसेल, म्हातारी माणसं घरात आहेत आणि रोज अर्धा तास हाताला काम पाहिजे तर ती खरंच चांगली सोबत आहे, हे मान्य केलं पाहिजे. गावरान पिल्लू पहिलं वर्षभर रात्री पडद्यावर चढणार, पायाच्या अंगठ्यावर झडप घालणार. ते झेपत नसेल तर दीड-दोन वर्षांचं मोठं मांजर घ्या, स्वभाव आधीच कळलेला असतो. आणि दिवसभर घराला कुलूप असेल तर एकाच आईची दोन पिल्लं आणा, ती एकमेकांना दमवतात.

सयामी म्हणून जे विकतात ते बरेचदा मिक्स असतं, केस आखूड म्हणून उन्हाला बरं, पण दिवसभर बोलतं, अक्षरशः भांडल्यासारखं. बंगाल आणि मेन कून ह्या जाती आपल्या भागासाठी मी यादीतच धरत नाही. दोन्ही डोळे निळे असलेलं पांढरंशुभ्र पिल्लू आवडलं तर पाठीमागून टाळी वाजवून बघा, त्यांच्यात बहिरेपणा खूप असतो. आणि तिरंगी बोका म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर आधी शेपटी वर करून बघा, तिरंगी जवळपास नेहमी भाटीच निघते.

डॉक्टर कुठं आहे ह्यावरही बरंच ठरतं. आपल्याकडं गाई-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ, मांजराची सवय असलेला शोधावा लागतो. परभणी आणि उदगीरला व्हेटर्नरी कॉलेज आहेत, त्या बाजूच्या लोकांना ती सोय आहे, बाकी तालुक्याच्या गावी पर्शियन घेण्याआधी चौकशी करा, कारण चपट्या नाकाच्या मांजराला भूल देणं जास्त जोखमीचं असतं.

खाण्यात दोघींचं गणित एकच. मांजर पक्कं मांसाहारी, टॉरिन नावाचा घटक त्याला खाण्यातूनच लागतो, तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं, त्यातलं हृदयाचं 1987 ला संशोधनात पक्कं झालं. दूध-भाकर खाऊन गावरान जगतं असं वाटतं कारण ते बाहेर जाऊन उंदीर-पाखरं खातं. घरातच ठेवणार असाल आणि घर शाकाहारी असेल तर तयार कॅटफूडचा महिन्याचा खर्च धरूनच चला. दुधानं बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, आणि तापात पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, मांजराला ते विष आहे.

माझ्याकडं सल्ला मागितला तर दहातल्या आठ घरांना मी गावरानच सांगते, कूलर-इन्व्हर्टर आणि रोज विंचरणारं माणूस असेल तर पर्शियन. पण कोणतीही आणा, नसबंदीच्या ऑपरेशनचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि मग ती तोंडात धरून सात घरं फिरवत बसते. पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून उरकून घ्या, बोक्याचंही, म्हणजे भिंतीवर लघवीचे फवारे मारणं कमी होतं. शेजारची एखादी आजी म्हणेल पाप लागतं बाई, तर तिला विचारा, पुढची चार पिल्लं घेता का.