लिफ्ट केलेल्या गाडीसाठी स्वस्तात प्रॉपेलर शाफ्ट शोधताय? हे आधी वाचा

गाडी चार इंच उचलली आणि पुढचा-मागचा दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारी फिरती नळी) बदलायची वेळ आली. मागचा मुळातच आखूड, त्यामुळे त्याचा उतार फार तीव्र झाला. ॲक्सल पूर्ण खाली गेला की जॉइंट योकला, म्हणजे त्याला धरणाऱ्या चिमट्याला, घासायचा. पुढच्याचा स्लिप जॉइंट (लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) इतका बाहेर आला होता की स्प्लाइनची, म्हणजे त्यातल्या खाचांची, पकड थोडीच उरली होती. अशा गाडीसाठी लांब आणि जास्त अँगल सोसणारे शाफ्ट लागतात, ते महाग पडतात, आणि म्हणूनच या बाजारात फसवणारे टपून बसलेले असतात. मला ज्याने गंडवलं त्याची पद्धत सविस्तर लिहितोय. तो ती पुन्हा वापरणार याची मला खात्री आहे.

जाहिरातीत सगळं हवं तसंच होतं. कोरा माल, जाड नळी, मागच्या शाफ्टला डबल कार्डन जॉइंट (दोन जॉइंट एकत्र जोडलेला), १३५० या मोठ्या मापाच्या मालिकेचे क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), मशीनवर बॅलन्स केलेले. भाव इतरांच्या जेमतेम निम्मा. फोनवर माणूस गोड बोलला आणि त्याला विषयही कळत होता. गाडीचं मॉडेल कोणतं आणि लिफ्ट किती इंचांची, एवढंच विचारून म्हणाला, “बास, माझ्याकडे तयार आहे.”

जो खरोखर शाफ्ट बनवतो तो एवढ्यावर कधीच थांबत नाही. गाडी सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभी असताना ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजपासून, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीपासून, पिनियनच्या (ॲक्सलमध्ये जोर घेणाऱ्या दातेरी दांड्याच्या) फ्लँजपर्यंतचं अंतर तो मिलिमीटरमध्ये मागतो. फ्लँजला भोकं किती, किती व्यासाची, पिनियनचा अँगल किती, ॲक्सल किती खाली लोंबतो आणि किती वर दाबला जातो, हेही विचारतो. एकाच लिफ्ट किटच्या दोन गाड्यांमध्येसुद्धा विंच, बंपर आणि स्प्रिंगच्या बसण्यामुळे उंचीत फरक पडतो. मापं न घेता शाफ्ट द्यायला जो तयार होतो, त्याच्याकडे पडून असलेला माल तो तुमच्या गळ्यात मारतोय असं खुशाल समजा.

त्याने आणखी दोन अटी घातल्या. पैसे थेट बँक खात्यात आणि सगळे आधी, कारण कार्डाने घेतले तर भाव वाढेल. आणि जुने शाफ्ट बदल्यात दिले तर आणखी सूट. दुसऱ्या अटीचा अर्थ नंतर कळला: त्याचा कच्चा माल तिथूनच येतो. सुदैवाने मी माझे शाफ्ट दिले नव्हते.

माल आला तो जाड काळ्या रंगात न्हालेला. सर्क्लिपवर रंग, ग्रीस निपलवर रंग, क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या कपांच्या कडांवरही रंग. जोडणीनंतर रंगवलेला प्रत्येक शाफ्ट वाईटच असतो असं नाही, पण एवढा जाड थर खालचं काहीतरी झाकण्यासाठीच असतो. दोन्ही शाफ्ट फ्लँजला व्यवस्थित बसले. मुख्य रस्त्यावर वेग वाढला मात्र, आणि पायाखालची पत्र्याची जमीन थरथरू लागली.

त्याला फोन केला तर उत्तर तयार होतं: “तुमचा पिनियन अँगल चुकलाय. शाफ्ट ठीक आहे.” या धंद्यातली खरी चलाखी इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकड्या कोनात फिरला की पुढे जाणारी गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन १० अंश असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का. २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या वर जातो. दोन टोकांचे जॉइंट एका रेषेत असले आणि त्यांचे कोन सारखे असले तर एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो. डबल कार्डनमध्ये हे काम एकाच टोकाला उरकतं, म्हणून तिथे पिनियनचं तोंड जवळजवळ शाफ्टच्या रेषेत हवं. गाडी उभी असताना अंश-दोन अंश खाली, कारण जोर लागला की ते वर उचलतं. तेव्हा लिफ्ट केलेल्या गाडीत अँगल चुकून थरथर होणं खरंच घडतं. फसवणारा याच खऱ्या गोष्टीच्या आड लपतो. शाफ्ट एकदा गाडीला लागला की दोष कुणाचा यावर तो कितीही वाद घालू शकतो.

मी अँगल गेजने मोजलं. पिनियन जागच्या जागी होतं. थरथरीची तऱ्हाही वेगळी सांगत होती. कोनाची गडबड असली तर ती बहुधा ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने, म्हणजे जोर बदलल्यावर, बदलते. माझ्या गाडीत पाय काढला तरी ती तशीच, फक्त वेगाबरोबर वाढणारी. हे बॅलन्स नसल्याचं लक्षण. मग मागचा शाफ्ट काढला, फोर-व्हीलमध्ये टाकून गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर जपून त्याच वेगापर्यंत नेली. थरथर बरीच उतरली. (ही चाचणी प्रत्येक गाडीवर करू नका. काहींमध्ये शाफ्ट काढला की ट्रान्सफर केसचं तेल बाहेर येतं, तर काहींचा हँडब्रेकच त्या शाफ्टवर असतो.)

शाफ्टचंच काम करणाऱ्या एका कारागिराकडे दोन्ही नेले. त्याने नळीच्या मध्यभागी अंगठा फिरवला, थांबला, आणि वायर ब्रशने तेवढाच रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा पूर्ण गोल निघाला. कुठल्या तरी जुन्या शाफ्टची नळी मधे कापून, आत तुकडा घालून लांब केली होती. टोकाजवळ बॅलन्सचं वजन म्हणून पट्ट्या चिकटवलेल्या होत्या; मशीनवर चढवल्यावर त्यांचा बॅलन्सशी काही संबंध नाही हे लगेच दिसलं. पुढच्या शाफ्टची दोन टोकं एका रेषेतही नव्हती. मग त्याने व्हर्नियर माझ्याच हातात दिला. कपाचा व्यास भरला २७ मिलिमीटर. १३५० चा कप ३० मिलिमीटरच्या किंचित वर असतो. २७ चा कप म्हणजे १३१० किंवा १३३०, आणि कपांमधली रुंदीही मोजली तेव्हा तो १३१० निघाला.

हे सगळं फोटोंसह विक्रेत्याला पाठवलं. त्याने आधी हात झटकले, मग बिल वाचायला सांगितलं. बिलावर तळाशी बारीक अक्षरांत “पुनर्निर्मित भाग, बसवल्यानंतर परत नाही” असं छापलं होतं. जाहिरात तोवर उतरवलेली. बँकेने सांगितलं की मी स्वतःहून केलेलं हस्तांतरण त्यांना परत खेचता येणार नाही. पैसे गेले ते गेलेच, पण मला जास्त राग येतो तो मधल्या त्या वेल्डिंगचा. भर वेगात मागच्या शाफ्टचं पुढचं टोक सुटून जमिनीत रुतलं तर गाडी उलटू शकते. तुमच्या शेजारी त्या वेळी कुणी बसलेलं असतं.

म्हणून तपासायचं ते शाफ्ट फ्लँजला लावण्याआधीच. पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ करा. व्हर्नियरने कप आणि रुंदी मोजा. पूर्ण नळीवर हात फिरवा. वेल्डिंग टोकांपाशी असायला हवं, मधे नाही. स्लिप जॉइंट धरून पिळा, प्ले (ढिलेपणा) जाणवला तर तिथेच थांबा. जाहिरातीचं पान त्याच दिवशी जपून ठेवा, आणि बॅलन्सिंगची नोंद लेखी मागा.

स्वस्तात काम होत नाही असं मुळीच नाही. माझे जुने शाफ्ट त्या कारागिराने घेतले आणि पुढच्याचे योक तपासून तेच ठेवले. योग्य लांबीची नवी अखंड नळी घातली, स्प्लाइन लांब घेतली, मागच्याला खराखुरा डबल कार्डन बसवला आणि माझ्यासमोर मशीनवर फिरवून दाखवला. मोठ्या ब्रँडच्या तयार सेटपेक्षा हे बरंच कमी पैशांत झालं. लिफ्ट लहान असेल तर एवढंही लागत नाही. कधीकधी ट्रान्सफर केस थोडी खाली घेऊन किंवा पिनियन फिरवून मूळ शाफ्टच चालतो. कारागिराकडे जाताना स्प्रिंग बसू द्या, विंच-बंपर चढवून घ्या, मगच मापं द्या. नाहीतर शाफ्ट मापाने बरोबर बनेल आणि तुमच्या गाडीला नीट बसणार नाही.