हललं की नाही, एवढंच सांगतो

कारखान्यात मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं गेली. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पुढे मोजायची यंत्रं आली, तरी ती सवय सुटली नाही. त्यामुळे मुलीने तीन वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर आणून हातात ठेवले आणि म्हणाली, "बाबा, आता घरातली मशिनं तुमच्याशी बोलतील," तेव्हा मला हसूच आलं. वर्षभर वापरून लिहितोय. बोलतात खरी, पण एकच शब्द.

काडेपेटीपेक्षा लहान डबी. आत सीआर२०३२ ही चपटी गोल बॅटरी, वर एक बटण, मागे चिकटपट्टी. झिग्बी या कमी बॅटरी खाणाऱ्या वायरलेस पद्धतीवर चालतो, म्हणजे त्याचे निरोप पकडून मोबाइलपर्यंत पोचवणारा वेगळा डबा, हब, लागतो. नुसत्या वाय-फायवर भागत नाही. आत सिलिकॉनमध्ये कोरलेलं इवलंसं वजन तितक्याच इवल्या स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. ते सरकलं की शेजारच्या पट्ट्यांमधला कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, बदलतो आणि डबीला कळतं की आपण हललो. मोबाइल आडवा केल्यावर स्क्रीन फिरते तीही याच जातीच्या सेन्सरमुळे.

कारखान्यात आम्ही मोटरचं हलणं सेकंदाला किती मिलिमीटर, असं मोजायचे. १५ किलोवॅटपर्यंतच्या मशीनला ०.७१ पर्यंत उत्तम, ४.५ च्या वर गेलं की थांबवा आणि उघडा. इथे ॲपमध्ये 'तीव्रता' नावाचा एक आकडा नाचत असतो, पण तो कशात मोजलाय हे कुठेही लिहिलेलं नाही. महिनाभर वहीत उतरवून पाहिला, मग नाद सोडला.

पहिला सेन्सर धुण्याच्या मशीनवर गेला. मशीन असतं मागच्या खोलीत, आणि धुणं होऊन तीन तास झाले तरी कपडे आतच, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. मी सेन्सर झाकणावर चिकटवला. चूक. झाकण उघडलं तरी निरोप, कोणी वर बादली ठेवली तरी निरोप. मग बाजूच्या पत्र्यावर, मधोमध लावला. पत्रा कडेला ताठ असतो, मध्ये थरथरतो, तेव्हा जागा बरी मिळाली. पण सोबत आलेली चिकटपट्टी फोमची! हादरे मोजायच्या वस्तूखाली गादी कोण घालतं? आम्ही सेन्सर स्टडवर आवळून बसवायचो, ते नाहीच जमलं तर चुंबकावर. फोम खरवडून पातळ, कडक दुहेरी टेप लावला आणि तेव्हापासून मंद धुणंही त्याला कळायला लागलं.

तरी पहिल्याच आठवड्यात 'कपडे झाले' असा निरोप आला, आणि जाऊन बघतो तर मशीन पाण्याने भरलेलं. भिजवण्यासाठी मध्येच थांबतं ना ते. सेन्सरचा दोष नाही, माझा नियम कच्चा. आता नियम असा: तीन मिनिटं सतत हालचाल दिसली तर 'सुरू', नंतर दहा मिनिटं पूर्ण शांतता असली तरच 'झालं'. यातली आणखी एक गोम माहितीपत्रकात नाही. एकदा निरोप दिला की हा सेन्सर जवळपास मिनिटभर गप्प बसतो, बॅटरी वाचवायला. त्यामुळे शांततेची वेळ एक-दोन मिनिटं ठेवलीत तर तो उगाच चकवेल.

संवेदनशीलता बदलायला तर माझा अख्खा रविवार गेला. ॲपमध्ये कमी, मध्यम, जास्त असे तीन पर्याय. 'जास्त' दाबलं, की थोड्या वेळाने आपोआप पुन्हा 'मध्यम'. कारण सोपं आहे, सांगणारं कोणी नव्हतं. सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो, झोपलेल्याला हुकूम ऐकू येत नाही. डबीवरचं बटण दाबून आधी त्याला जागं करायचं आणि लगेच ॲपमध्ये बदल करायचा. कंपनीच्या मदत विभागाने मला दोनदा सेन्सर काढून पुन्हा जोडायला लावला. बटणाचा शोध मुलीचा.

तिसऱ्याची कथा छोटी. मुख्य दारावर लावला, टकटक कळावी म्हणून. वाऱ्याने दार आपटलं, जिन्यातून कोणी धाडधाड उतरलं, सगळ्याला टकटकच समजायचा. दोन आठवड्यांत काढला आणि औषधांच्या खणाला लावला. आईने सकाळी आठपर्यंत खण उघडला नाही तर मला निरोप येतो. गोळी घेतली की नाही हे त्याला कळत नाही, आणि आईला ही पाळत फारशी आवडलेली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आता दुसरा, ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो. तो पाण्याचा दाब वाढवणाऱ्या पंपावर आहे. नळ उघडला, दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो, दाब भरला की थांबतो. धुण्याच्या मशीनला खरं तर वीज मोजणारा स्मार्ट प्लग जास्त भरवशाचा. पंपाची वायर मात्र थेट स्विचला जोडलेली, प्लगच नाही. तिथे व्हायब्रेशन सेन्सरच चालतो. अडचण रेंजची होती. पंप खाली एका कोपऱ्यात, हब वर, तोही वाय-फायच्या राउटरला खेटून. झिग्बी आणि वाय-फाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे त्या गोंगाटात पंपाचे निरोप हरवायचे. हब राउटरपासून लांब सरकवला आणि वाटेत एक झिग्बी प्लग लावला. विजेवर चालणारी उपकरणं इतरांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवाले सेन्सर एकमेकांचं काम करत नाहीत.

मग एका सकाळी चहा घेत यादी चाळत होतो. रात्री १ ते ५ या वेळात पंप अकरा वेळा सुरू झाला होता. घरात सगळे झोपलेले. दर बावीस-तेवीस मिनिटांनी एकदा, अगदी घड्याळ लावल्यासारखा. दिवसा हे कळलंच नसतं, नळ चालू-बंद होतच असतात.

माझा पहिला संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. त्या रात्री पंपानंतरचा मुख्य कॉक बंद केला. व्हॉल्व्ह मागे गळत असता तर पंप तरीही सुरू होत राहिला असता. सकाळी पाहिलं, एकही नोंद नाही. म्हणजे गळती पुढे, घरात. दुसऱ्या रात्री एका न्हाणीघराचा कॉक बंद केला, पंप चालूच. तिसऱ्या रात्री दुसऱ्याचा, पंप गप्प. तिथल्या फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकला आणि हात न लावता थांबलो. अर्ध्या तासात खालच्या भांड्यात गुलाबी रेघ. तळाचं रबर कडक होऊन बसत नव्हतं. बदललं. त्या रात्रीपासून १ ते ५ मध्ये शून्य.

गंमत अशी, की पंप दर वेळी जेमतेम आठ-दहा सेकंद चालत होता आणि सेन्सर मिनिटाच्या हिशोबात बोलतो. किती वेळ चालला ते त्याला सांगताच आलं नसतं. पण मला ते हवंच नव्हतं. 'केव्हा हललं' एवढ्यावर काम झालं. कारखान्यात आम्ही दुखणं हादऱ्याच्या आकड्यात शोधायचो, इथे ते वेळेच्या नोंदीत सापडलं. अकरा निरोपांची यादी कोणत्याही स्क्रू ड्रायव्हरने मला दिली नसती, रात्रभर कान लावून कोण बसणार?

बॅटरीचं म्हणाल तर जितकी बडबड तितका खर्च. खणावरची अजून पहिलीच आहे, पंपावरची पाच महिन्यांत बदलली. बदलताना जुनी लगेच नीट बाजूला ठेवा. ही बॅटरी लहान मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून हल्ली कडू लेप असलेल्या बॅटऱ्याही मिळतात. घरात नातवंडं असतील तर त्याच घ्या, फक्त बसवल्यावर सेन्सर चालू होतोय ना ते पाहा. लेपामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही.

घ्यावा का? एखाद्या गोष्टीचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल आणि हब आधीच घरात असेल, तर घ्या. चोराला पकडायचं, मशीनचं दुखणं ओळखायचं, असलं काही डोक्यात असेल तर नको.

परवापासून धुण्याचं मशीन पिळताना घरघरतंय. ॲपमध्ये नेहमीसारखंच 'सुरू' आणि 'झालं'. मी खोक्यातून जुना स्क्रू ड्रायव्हर काढला, मागच्या पत्र्याला टेकवला, कानाला लावला. ड्रमचं बेअरिंग. नवीन मागवलंय.