पार्टनर एअरलाइनवर गोल्ड कार्ड किती चालतं? चार वर्षं वापरून लिहितेय

माझ्याकडे गेली चार वर्षं एका विमान कंपनीचं गोल्ड लेव्हलचं फ्रिक्वेंट फ्लायर कार्ड, म्हणजे वारंवार उडणाऱ्यांना देतात ते, आहे आणि गंमत म्हणजे त्यातला निम्म्याहून जास्त प्रवास मी त्या कंपनीच्या विमानाने केलेलाच नाही, तिच्या पार्टनर कंपन्यांच्या विमानांनी केलाय. त्यामुळे हा रिव्ह्यू विमानाचा, सीटचा नाही, तर दुसऱ्याच्या दारात आपलं कार्ड किती चालतं त्याचा आहे. माझ्या अनुभवातल्या कंपन्यांची नावं घेत नाहीये, कारण हे प्रकार कुठेही होऊ शकतात, एकीला धरून काही उपयोग नाही.

आधीच सांगते, फायदे खरे आहेत आणि मोठे आहेत. पण काउंटरवर तुमचं कार्ड कोणी हातात घेऊनसुद्धा बघत नाही, बुकिंगमध्ये कार्डाचा नंबर आहे का आणि त्यापुढे स्टेटस, म्हणजे गोल्ड वगैरे लेव्हल, दिसतंय का एवढंच बघतात. ते दिसलं तर सगळे गोड बोलतात, नाही दिसलं तर चार वर्षांचा प्रवास गेला उडत.

आता झालं काय ते सांगते. आई-बाबांना घेऊन जात होते, एकच तिकीट, तीन विमानं, तीन वेगवेगळ्या कंपन्या, मध्ये दोन ठिकाणी थांबा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पहिला थांबा पाच तासांचा आहे म्हटल्यावर मी मुद्दाम लाउंजचा, म्हणजे विमानतळावरच्या आरामात बसायच्या खास जागेचा, हिशोब करूनच तिकीट काढलं होतं. पहिलं विमान माझ्या स्वतःच्या कंपनीचं, सगळं सुरळीत. दुसऱ्या विमानाआधी लाउंजच्या दारात बोर्डिंग पास स्कॅन केला तर मशीनने लाल दिवा दाखवला. डेस्कवरची मुलगी म्हणाली, मॅडम, यात तुमचं स्टेटस येत नाहीये. मी मोबाईलवर कार्ड दाखवलं, तिने नीट बघितलं सुद्धा, पण म्हणाली पासवर यायला पाहिजे, ट्रान्स्फर डेस्कवरून नवीन काढून आणा. आईला तिथेच खुर्चीत बसवलं, बाबांना तिच्यासोबत ठेवलं आणि मी रांगेत जाऊन उभी राहिले.

डेस्कवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली तेव्हा कळलं. नंबरच्या जागी माझा गोल्डचा नंबर नव्हताच, तिथे त्याच दुसऱ्या कंपनीची माझी फार पूर्वीची साधी मेंबरशिप बसली होती. आदल्या दिवशी मी त्या कंपनीच्या अ‍ॅपवरून ऑनलाइन चेक-इन केलं होतं, अ‍ॅपमध्ये ते जुनं अकाउंट लॉगिन होतं आणि चेक-इन करताना अ‍ॅपने परस्पर नंबर बदलून टाकला, ना विचारलं ना सांगितलं. एका फ्लाइटला माईल्स (प्रवासाबद्दल मिळणारे पॉइंट) एकाच प्रोग्राममध्ये, म्हणजे एकाच कंपनीच्या कार्ड योजनेत, जमा होतात, त्यामुळे ती जागा एकाच नंबरची असते, नवा आला की जुना गेला. त्या माणसाने माझं चेक-इन काढलं, माझा नंबर टाकला, परत चेक-इन केलं आणि नवीन पास छापला, त्यावर नावाच्या खाली स्टेटसची खूण आलेली. दोन मिनिटांचं काम, पण रांगेत चाळीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ आई त्या कडक खुर्चीवर. मला मनापासून वाईट वाटलं, कारण तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

म्हणून आता मी काय करते, तिकीट हातात आलं की त्यात कुठलं विमान खरं कोण चालवतंय ते आधी बघते. फ्लाइट नंबर एका कंपनीचा असतो आणि विमान दुसरीचं, कोडशेअर म्हणतात त्याला, आणि लाउंज, बॅग, रांग या बाबतीत बहुतेक वेळा जी कंपनी विमान उडवते तिचं चालतं. ती कंपनी तुमच्या गटात, म्हणजे एकमेकींची कार्डं चालवून घेणाऱ्या कंपन्यांच्या अलायन्समध्ये, नसेल तर फ्लाइट नंबर तुमच्या लाडक्या कंपनीचा असूनही हातात काही पडेलच असं नाही. दुसरं म्हणजे पीएनआर. तुमच्या कंपनीने दिलेला सहा अक्षरांचा पीएनआर पार्टनरच्या साइटवर पुष्कळदा चालतच नाही, कारण तिच्या सिस्टीममध्ये त्याच बुकिंगला वेगळा पीएनआर असतो. तो फोन करून मागून घ्यायचा, लगेच देतात, आणि मग पार्टनरच्या साइटवर जाऊन आपला नंबर तिथे पोचलाय का ते डोळ्याने बघायचं. आणि तिथलं जुनं अकाउंट असेल तर आधी लॉगआउट!

लाउंजचं अजून एक सांगायचंय. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम हे तीन मोठे गट, आणि त्यांच्यातल्या गोल्डच्या तोडीच्या लेव्हल म्हणजे स्टार अलायन्स गोल्ड, वनवर्ल्ड सफायर आणि स्कायटीम एलिट प्लस, तिन्हीकडे पार्टनरच्या लाउंजमध्ये सोबत एकच पाहुणा नेता येतो, आणि मेंबर स्वतः सोबत पाहिजे. आम्ही तिघं. बाबा म्हणाले तुम्ही दोघी जा, मी बसतो बाहेर पेपर वाचत. मी नाही म्हटलं, त्यांचे वेगळे पैसे भरले आणि तिघंही आत गेलो. नियम नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण घरातले दोघं घेऊन जाणार असाल तर हे आधीच धरून चला, दारात उभं राहून आई की बाबा असं ठरवायची वेळ कोणावर येऊ नये. आत गेल्यावर मात्र आईने पाय लांब करून दोन तास झोप काढली आणि उठल्यावर म्हणाली, आता अजून एक विमान चालेल मला. या एका वाक्यासाठी मी परत गोल्डसाठी धावपळ करायला तयार आहे.

नियमात गमतीही आहेत. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड मेंबरला अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात नुसत्या स्टेटसवर युनायटेडच्या लाउंजमध्ये जाता येत नाही, पण दुसऱ्या कंपनीकडून मिळालेलं स्टार अलायन्स गोल्ड असेल तर त्याच प्रवासात जाता येतं. वनवर्ल्डमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मेंबरांना तिथल्या नुसत्या देशांतर्गत प्रवासाला असंच अडवतात. स्कायटीममध्ये लाउंज आंतरराष्ट्रीय प्रवासाशी जोडलेलं आहे. म्हणजे कार्ड कुठल्या कंपनीकडून घ्यायचं हा प्रश्न तुम्ही कुठल्या कंपनीने जास्त उडता एवढ्यावर सोडवू नका, पार्टनरकडे त्या कार्डाला काय मिळतं ते बघून ठरवा. कित्येक लोक घराजवळच्या कंपनीचं कार्ड डोळे झाकून घेतात आणि मग पाच वर्षांनी कळतं की बाजूच्या प्रोग्राममध्ये तेच स्टेटस जास्त कामाचं होतं.

सामानाचा फायदा मला सगळ्यात आवडला. स्टार अलायन्स गोल्डला जिथे वजनाचा हिशोब असतो तिथे 20 किलो जास्त आणि जिथे नगाचा हिशोब असतो तिथे एक बॅग जास्त मिळते, आणि बॅगला प्रायॉरिटीचा टॅग लागतो. टॅग लावल्यावर बॅग खरंच आधी येते का? माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा येते. उरलेल्या वेळी सगळ्यांच्या शेवटी आलेली पण बघितलीय.

पार्टनरकडे काय चालत नाही तेही सांगते, कारण काउंटरवर लोक उगाच वाद घालताना बघते आणि समोरच्या मुलीचीच दया येते. तुमच्या कंपनीत फुकट मिळणारी जास्त पाय पसरायची सीट पार्टनरकडे बहुतेक वेळा फुकट नसते. तुमच्या कंपनीत मिळणारे फुकट अपग्रेड, म्हणजे वरच्या क्लासची सीट, पार्टनरच्या विमानात बहुतेक वेळा लागू होत नाहीत. माईल्स देऊन पार्टनरवर अपग्रेड करता येतं काही ठिकाणी, पण ते महागड्या बुकिंग क्लासच्या तिकिटांवरच, स्वस्तातल्या तिकिटावर आशा धरू नका. आणि गटाच्या बाहेरचे पार्टनर हा तर पूर्ण वेगळा विषय. एमिरेट्स आणि क्वांटासची भागीदारी 2013 पासून आहे, क्वांटास वनवर्ल्डमध्ये आणि एमिरेट्स कुठल्याच गटात नाही, तर अशा जोडीत जे काय मिळतं ते त्या दोघींच्या करारात लिहिलंय तेवढंच, बाकी वनवर्ल्डचं कार्ड एमिरेट्सच्या काउंटरवर दाखवून काही होत नाही.

माईल्सचा भाग जरा किचकट आहे पण पैसे इथेच बुडतात म्हणून सविस्तर लिहिते. तिकिटावर एक अक्षर असतं, बुकिंग क्लास, इकॉनॉमी म्हणजे एकच क्लास असं नसतं, त्यात दहा-बारा अक्षरं असतात. पार्टनरच्या विमानात माईल्स किती मिळणार ते त्या अक्षरावर आणि बहुतेक वेळा अंतरावर ठरतं. समजा 4,000 मैलांची फ्लाइट आहे, एका अक्षराला 100 टक्के, म्हणजे 4,000 माईल्स, दुसऱ्याला 25 टक्के, म्हणजे 1,000, आणि स्वस्तातल्या काही अक्षरांना शून्य, सीट तीच, शेजारी तोच. आणि तेच अक्षर एका प्रोग्राममध्ये पूर्ण माईल्स देतं आणि त्याच गटातल्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये काहीच देत नाही, असंही होतं. प्रत्येक प्रोग्रामच्या साइटवर पार्टनरनिहाय तक्ता असतो, तिकीट काढायच्या आधी तो उघडायचा. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही, लांबच्या दोन फ्लाइटचे शून्य माईल्स आले आणि स्टेटस थोडक्यात हुकता हुकता राहिलं.

माईल्स आलेच नाहीत तर क्लेम करता येतो, पण मुदत असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. क्लेमला तिकीट नंबर लागतो, 13 आकडी, त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढलं ते सांगतात, उदाहरणार्थ 220 म्हणजे लुफ्तान्सा, 618 म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स, 098 म्हणजे एअर इंडिया. आणि बोर्डिंग पास जपून ठेवा असं सगळे सांगतात, पण ते काउंटरवरचे पास बऱ्याच ठिकाणी थर्मल कागदावर छापतात आणि काही महिन्यांत पुसट होतात. माझा एक पास पर्समध्ये राहून इतका पांढरा पडला की क्लेमच्या वेळी सीट नंबरसुद्धा वाचता आला नाही. तेव्हापासून विमानात बसल्या बसल्या पासचा फोटो काढते. त्याच प्रवासातला दुसरा पास आईने पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता, तो नीट वाचता आला आणि त्या फ्लाइटचे माईल्स तीन आठवड्यांत जमा झाले.

माईल्स वापरून पार्टनरचं तिकीट काढणं हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीचाही. साइटवर सीट दिसते, क्लिक केलं की गायब, कारण पार्टनरची सीट खरंतर उरलेलीच नसते, स्क्रीनवर जुनी माहिती असते. एकदा मला पीएनआर मिळाला, कन्फर्म लिहून आलं, माईल्स कापले गेले, पण दोन दिवस तिकीट नंबरच आला नाही. फोन केल्यावर समजलं की पार्टनरच्या बाजूने मान्यता अडकली होती. तिकीट नंबर नाही म्हणजे तिकीट नाही, कन्फर्म शब्दावर विसंबून हॉटेल बुक करू नका. आणि माईल्ससोबत रोख किती भरावे लागतात तेही बघा, काही प्रोग्राम पार्टनरचा इंधन अधिभार तुमच्याकडून वसूल करतात आणि तो कधी कधी तिकिटाच्या निम्म्यापर्यंत जातो, युनायटेडच्या माईलेजप्लस प्रोग्राममध्ये मात्र पार्टनर अवॉर्डवर, म्हणजे माईल्सने काढलेल्या पार्टनरच्या तिकिटावर, तो लावत नाहीत.

अजून एक, पार्टनर कायमचे नसतात. एसएएस ही स्टार अलायन्सची 1997 ची संस्थापक कंपनी, ती 31 ऑगस्ट 2024 ला गटातून बाहेर पडली आणि 1 सप्टेंबरला स्कायटीममध्ये गेली. तिच्या कार्डवर ज्यांचं गोल्ड होतं त्यांना एका रात्रीत दुसऱ्याच कंपन्यांची लाउंज उघडली आणि जुन्यांची बंद झाली. म्हणून माईल्स वर्षानुवर्षं साठवून ठेवू नका, ठरलेल्या प्रवासासाठी जमवा आणि वापरून टाका.

माझे मार्क: सामान आणि रांगेला पाचपैकी पाच, लाउंजला चार, माईल्स जमा होण्याला तीन, अवॉर्ड तिकिटाला साडेतीन. वर्षातून दोनदा उडणाऱ्याने यासाठी जीव टाकायची गरज नाही. ज्यांच्यासोबत वय झालेली माणसं प्रवास करतात त्यांना मात्र मी आग्रहाने सांगेन, लागेल तो अभ्यास करा आणि गोल्ड मिळवा.

पुढच्या महिन्यात परत निघतोय, आई-बाबा आणि मी, या वेळी दोन कंपन्या. दोन्ही पीएनआर वहीत लिहून घेतलेत, पहिल्या कंपनीत माझा नंबर आणि स्टेटस दोन्ही दिसतंय. दुसऱ्या कंपनीच्या साइटवर नंबर आलाय पण स्टेटसची जागा अजून कोरी आहे, उद्या सकाळी फोन करणार आहे.